सत्तय्यांनी निवडलेला लॅपटॉप

पार्क लेनच्या आमच्या इमारतीत लॅपटॉपची चाळीसेक दुकानं आहेत. त्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दामोदर सेठच्या दुकानात मी एकोणीस वर्षं काउंटरला आहे. नाव शैला, जन्म काचीगुड्यातला. घरात मराठी, घराबाहेर पाऊल टाकलं की तेलुगू. गिऱ्हाईक आत आलं की ते घेणारं आहे की नुसता भाव काढून शेजारी जाणारं, हे मला चपला बघून कळतं अशी माझी जुनी फुशारकी होती. सत्तय्या आले त्या दिवशीही मी चपला बघितल्या आणि मनात म्हटलं, हे भाव काढणार.

जुलैमधला मंगळवार होता. कॉलेजं सुरू होण्याआधीचे दिवस म्हणजे आमचा हंगाम. मुलंमुली आईबापांना घेऊन येतात, मुलं बोलतात आणि आईबाप भिंतीला टेकून उभे राहतात. सत्तय्या टेकले नाहीत. पंचावन्न-छप्पन्नचं वय, ठेंगणा बांधा, पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा. अंगाला एरंडेलाचा मंद वास, आणि दहाही नखांच्या कडा लालकाळ्या. बरोबर चष्मा लावलेली बारकी मुलगी, पाठीवर चित्रांचे कागद गुंडाळून ठेवायची लांब नळी.

"या अन्ना. काय दाखवू?"

"मला काही नको," ते म्हणाले. "हिला विचारा. मी नुसता बघायला आलोय."

मुलीचं नाव वेन्नेला. शहरातल्या एका डिझाइन कॉलेजात कापडाच्या विभागात तिला जागा मिळाली होती. तिने कॉलेजचा कागद उलगडून वाचला. "सोळा जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड, पाचशे बाराची डिस्क. आणि अक्का, पातळ हवा. दीड किलोच्या आसपास. सोमवार ते शुक्रवार हॉस्टेल, शनिवारी गावी. बसने अडीच तास."

"गेम खेळणार?" मी सवयीने विचारलं.

तिने वडिलांकडे चोरून पाहिलं. "नाही. म्हणजे... कधीतरी. रविवारी एखादा तास."

सत्तय्या छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

'गेम' हा शब्द ऐकला की दामोदर सेठ कुठूनही येतात. आतल्या खोलीत जेवत होते, तसेच हात पुसत आले आणि चार महिन्यांपासून शेल्फावर बसलेलं एक जाडजूड मशीन त्यांनी काउंटरवर ठेवलं. बटण दाबलं तसे कीबोर्डाखाली सात रंगांचे दिवे पळायला लागले.

"हे घे पोरी. डोळे मिटून घे. गेम असा पळेल की मैत्रिणी जळतील. डिझाइन तर याच्यापुढे किरकोळ."

वेन्नेलाने ते उचललं, चार्जरही उचलला आणि दोन्ही हळूच खाली ठेवले. "सेठ, हे चार्जर धरून सव्वातीन किलो भरेल. मला बसमध्ये बसायला जागा मिळत नाही. पाठीवर हे, एका हातात नळी, दुसऱ्या हातात कापडाची पिशवी. मग वरचा दांडा कशाने धरू, दातांनी?"

सत्तय्या पहिल्यांदा हसले. छातीतून खुदखुदणारं, आवाज न होणारं हसू. मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा गोल डबा काढला. मला वाटलं, आता इथेच जेवायला बसतात की काय. डब्यात कागदात गुंडाळलेली सुताची एक लडी होती. लाल. इतकी वर्षं लाल रंगाच्या साड्या नेसते मी, पण त्या लडीकडे पाहिल्यावर बाकीचे लाल घाईघाईत केल्यासारखे वाटले. लडीबरोबर एक जाड कार्डही होतं, त्यावर तोच लाल रंग छापलेला आणि खाली आकडे आणि अक्षरं मिळून सहा जागांचा नंबर.

"हा नंबर तुमच्या मशीनमध्ये घातला की हा रंग दिसतो, असं हिने सांगितलंय," ते म्हणाले. "मला सगळ्या मशीनमध्ये घालून दाखवा."

"सगळ्या?"

"जेवढी हिच्या बजेटात बसतात तेवढी."

दामोदर सेठना राहवलं नाही. वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला ते पेद्दय्या म्हणतात. "पेद्दय्या, हे लॅपटॉपचं दुकान आहे. साडीचं नाही."

"म्हणून तर विचारतोय," सत्तय्या शांतपणे म्हणाले. "साडीच्या दुकानात मला विचारावं लागत नाही."

सत्तय्या पुट्टपाक्याचे. तेलिया रुमालांचं गाव ते. सूत तेलात आणि राखेच्या पाण्यात मुरवायचं, आखलेल्या नक्षीप्रमाणे जागोजागी बांधायचं, रंगात बुडवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. मागावर चढेपर्यंत नक्षी सुतातच उतरलेली असते. रंग तीनच, लाल, काळा आणि सुताचा स्वतःचा. सत्तय्या पाचवीत शाळा सोडून बांधणीला बसले, आणि गेली पंचवीस वर्षं गावातल्या निम्म्या घरांचा लाल तेच काढून देत. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. वेन्नेलाने नंबर टाकायला सुरुवात केली तेव्हा ती हळू आवाजात सांगत गेली. वडिलांना ती नायना म्हणायची.

"दोन वर्षांपूर्वी परदेशातून एक ऑर्डर आली होती अक्का. चाळीस रुमाल. मधल्या व्यापाऱ्याने त्याच्या स्क्रीनवर लाल दाखवला आणि म्हणाला, अगदी असाच पाहिजे. नायनांनी अगदी तसाच काढला. पाच महिने आमची तीन घरं राबली. माल परत आला. तिकडची बाई म्हणाली, मी हा रंग मागितलाच नव्हता. नंतर कळलं, व्यापाऱ्याची स्क्रीनच तसली होती."

"मग?"

"मग काय. नायनांनी त्या बाईकडून हे कार्ड मागवून घेतलं. या नंबराचा लाल काढून पाठवला. तिने एका दिवसात होकार कळवला. तेव्हापासून ते कुठल्याही स्क्रीनवर विश्वास ठेवत नाहीत. टीव्हीवर बातम्या बघतानासुद्धा म्हणतात, या बाईची साडी खरी कुठल्या रंगाची असेल?"

सत्तय्यांनी लडी पहिल्या स्क्रीनला लावून पाहिली आणि मान हलवली. "इथे नाही जमणार. हा दिवा निळा आहे." ते आमच्या ट्यूबलाइटबद्दल बोलत होते. "उन्हाचा उजेड कुठे आहे?"

उन्हाचा उजेड जिन्याच्या वळणावर होता, उत्तरेच्या खिडकीत. मग आमची वरात निघाली. मी, वेन्नेला आणि सत्तय्या, तिघांनी मिळून सहा लॅपटॉप छातीशी धरून जिन्यावर नेले आणि खिडकीच्या कठड्यावर आणि पायऱ्यांवर मांडले. दामोदर सेठ दारातून ओरडले, "शैला, एक जरी पडला तर तुझ्या पगारातून!" वर-खाली जाणारे लोक थांबायला लागले. तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटरवाला तर पायरीवर बसूनच राहिला.

सहा स्क्रीन, एकच नंबर, आणि सहा वेगवेगळे लाल. तोवर सतरा वर्षं मी हे विकत आले होते आणि असं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं, हे सांगायला लाज वाटते. सेठच्या त्या दिवेवाल्या मशीनवर तो लाल चक्क विटेसारखा दिसत होता. सत्तय्यांनी लडी जवळ नेली आणि लगेच मागे घेतली. "याने धुतलाय," ते म्हणाले. दुसरा एक महागडा होता, काळ्याभोर चकचकीत काचेचा, ज्याच्यापुढे गिऱ्हाइकं हमखास विरघळतात. त्यावर लाल असा पेटला होता की बघणारे "आहा" म्हणाले.

सत्तय्या म्हणाले नाहीत. "हा खोटं बोलतो. गोड बोलतो, पण खोटं. यात बघून पोरगी रंग काढेल आणि कापडावर आला की रडेल."

"नायना, तो सेटिंगमधून कमी करता येतो," वेन्नेला म्हणाली. तिचाही जीव त्या काचेत अडकला होता.

"आणि तुझ्या मॅडमच्या मशीनवर? आणि ज्याला पाठवशील त्याच्याकडे? रोज कोण कमी करत बसणार?"

पाचवा होता राखी रंगाचा, पातळ, एक किलो सहाशे ग्रॅमचा. काच चकचकीत नाही, मॅट. दिसायला एखाद्या वहीसारखा, म्हणून शोकेसमध्ये मागच्या रांगेत असे. सत्तय्यांनी लडी त्याच्या कडेला धरली, जवळ नेली, लांब नेली, डावीकडून बघितलं, उकिडवं बसून खालून बघितलं. मग लडी थेट काचेवर टेकवली आणि मला म्हणाले, "शैलम्मा, सूत कुठे संपतं सांगा."

सूत कुठे संपतं ते मला सांगता आलं नाही. प्रिंटरवाला उठून उभा राहिला.

मला वाटलं, झाली निवड. पण दुकानात परतल्यावर सत्तय्यांनी मुलीच्या हातात पैसे दिले. "खालून चार चहा घेऊन ये बिड्डा. सेठलाही एक. ते जेवणावरून उठलेत."

ती जिना उतरून गेल्याची खात्री झाल्यावर ते काउंटरवर वाकले. "आता यात खेळ लावा. मोठ्यातला मोठा, बंदुकांचा असतो ना तो. ती येईपर्यंत चालू ठेवा."

"अन्ना, ती म्हणाली कधीतरीच—"

"ती मला घाबरून म्हणाली. रविवारी दुपारी दोन ते तीन. एक मिनिट चुकत नाही. आत्तापर्यंत मामाच्या मुलाच्या जुन्या मशीनवर खेळायची. ते तापून मध्येच बंद पडतं."

मी खेळ लावला. सत्तय्यांनी लॅपटॉपच्या खाली उलटा तळवा धरला, रंगाच्या भांड्याजवळ धरत असतील तसा. पाच मिनिटांनी हात डावीकडे सरकवला. "इथे तापतोय. उजवीकडे गार आहे. बंद पडेल?"

खरं सांगायचं की विकायचं, हा प्रश्न आमच्या धंद्यात रोज येतो. समोर हा माणूस तळवा धरून उभा होता. मी खरं सांगितलं. "पातळ मशीनमध्ये हवा खेळायला जागा कमी असते अन्ना. डिझाइनच्या कामाला हा उत्तम. खेळ चालेल, पण चित्राची सफाई थोडी कमी करून खेळावा लागेल. खाली उंचवटा द्यायचा, गादीवर ठेवायचा नाही. बंद नाही पडणार. सेठनी दाखवला त्यात खेळ याच्यापेक्षा बराच चांगला चालतो, हेही सांगते."

"चित्र कमी झालं तरी चालेल," ते म्हणाले. "आवाज लावा. बोलण्याचा आवाज. दोघं लांबून खेळताना बोलतात ना एकमेकांशी, तो. तो साफ येतो का?"

आईबाप लॅपटॉपचं वजन विचारतात, वॉरंटी विचारतात, मुलगा यात बिघडेल का विचारतात. हे कोणी विचारलं नव्हतं. मी माझ्या मोबाइलवरून दुकानातल्या दुकानात कॉल लावून त्यांना ऐकवलं. ते स्पीकरच्या जाळीवर कान टेकवून ऐकत होते.

"कोणाशी खेळते ती?" मी विचारलं.

त्यांनी कान जाळीवरून काढला. मग म्हणाले, "मोठीशी."

मोठी मुलगी रजिता. विशाखापट्टणमला नर्सिंग शिकायला गेली आणि तिथल्याच अप्पलराजू नावाच्या मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा कोळ्यांचा, बंदरावर बोटींच्या दुरुस्तीचं काम करणारा. लग्नानंतर दोघं पुट्टपाक्याला आली तेव्हा सत्तय्या रंगाच्या भांड्याशी होते. वर न बघता म्हणाले होते, मी बोलावल्याशिवाय येऊ नका. तीन वर्षं झाली होती. रजिता आईला फोन करायची, तो सत्तय्या घरी नसताना. आणि बहिणीशी रविवारी त्या खेळात भेटायची.

"मी पडवीत सूत बांधत असतो," सत्तय्या सांगत होते. "आत दोघी ओरडतात. मागे बघ, मागे बघ! अक्का मेलीस! मूर्ख, गोळ्या कुठे टाकल्यास! सगळं ऐकू येतं. मोठीचा आवाज थोडा जाड झालाय. मध्ये महिनाभर खोकला होता तिला. मशीन बंद पडलं की वेन्नेला चिडते, ती खेळासाठी. मी..." त्यांनी लडी कागदात गुंडाळून डब्यात ठेवली.

चहा आला. त्यांनी मुलीला सांगितलं, "हाच घेऊ. शैलम्मा म्हणतात खेळ जरा कमी चालेल."

"चालेल नायना. मी कुठे एवढी खेळते," वेन्नेला म्हणाली. मी कपाकडे बघत चहा प्यायले. दामोदर सेठ नंतर दोन दिवस माझ्याशी तुटक वागले, पण चहा त्यांनी घेतला होता.

त्यानंतर ती माणसं माझ्या डोक्यातून गेली. सप्टेंबरात वेन्नेला एकदा पिशवी घ्यायला आली, म्हणाली कॉलेजात सगळे तिच्या मशीनवर रंग तपासायला येतात, रांग लागते. बस, तेवढंच.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी तीनला, दुकान रिकामं असताना सत्तय्या एकटे आले. हातात सीताफळांची पिशवी. मी म्हटलं, "काय अन्ना, बिघडला?"

"नाही, नाही. उत्तम आहे." ते स्टुलावर बसले. इकडे तिकडे बघितलं. दामोदर सेठ आत हिशेबात होते. "शैलम्मा, तो खेळ मला शिकवाल?"

मला वाटलं माझ्या तेलुगूचा काही घोटाळा झाला. "कोणता खेळ?"

"तोच. बंदुकांचा."

"तुम्हाला कशाला?"

"मोठीशी बोलायचंय."

"मग फोन करा ना अन्ना! नंबर आहे की घरात. एक बटण दाबायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पाचवीत शाळा सोडली होती. "फोन लावला, तिने उचलला. मग? काय बोलू? कशी आहेस विचारू? तीन वर्षांनी? ती म्हणेल, बरी आहे. मग पुढे काय बोलू? खेळात तसं नाही. तिथे बोलायला काम असतं. डावीकडे जा, उजवीकडे जा, मागे बघ. मी ऐकलंय. तिथे कोणी कोणाला कशी आहेस विचारत नाही."

मी एक सीताफळ उचलून बाजूला ठेवलं आणि शोकेसमधला एक लॅपटॉप काढून माउस जोडला.

त्या महिन्यात ते पाच वेळा आले. रंगाचं सामान घ्यायला शहरात येतो असं घरी सांगायचे, आणि खरंच सामानही न्यायचे. शिकवणं सोपं नव्हतं. केसाएवढ्या धाग्यावर न चुकता गाठ मारणारी ती बोटं कीबोर्डावर लाकडासारखी व्हायची. पुढे जायचं बटण दाबलं की सोडायचं राहायचं, आणि त्यांचा शिपाई भिंतीला नाक लावून चालतच राहायचा.

"सोडा अन्ना, बोट उचला!"

"उचललं की तो थांबतो."

"थांबू दे की! भिंत आहे समोर!"

"भिंत मला दिसते. त्याला दिसत नाही का?"

तिसऱ्या दिवशी दामोदर सेठ बाहेर आले, पाठीमागे उभे राहिले, आणि मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. सेठ थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पेद्दय्या, डावा हात असा नाही, असा. तीन बोटं तीन बटणांवर कायम. उचलायचीच नाहीत." आणि स्टूल ओढून बसले. सेठना हे सगळं येत होतं, हे मला सतरा वर्षांत कळलं नव्हतं.

गोळी मारायला मात्र सत्तय्या शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. समोरून माणूस आला की हात उचलून घ्यायचे. "ओळख ना पाळख, उगाच कशाला," म्हणायचे. सेठ कपाळावर हात मारायचे.

पुढचं मला वेन्नेलाकडून कळलं. जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी दुकान उघडतेय तोच तिचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, आधी कळेना.

"अक्का, तुम्ही नायनांना काय शिकवलंत?"

आदल्या दिवशी रविवारी दुपारी ती नेहमीप्रमाणे पलंगाशेजारी पाटावर लॅपटॉप ठेवून खेळत होती. आईने अंगणातून हाक मारली, वाळवण उचलायला. बहिणीला "अक्का, एक मिनिट" म्हणून ती हेडफोन काढून ठेवून गेली. परत आली तर तिच्या जागी सत्तय्या बसले होते. हेडफोन डोक्यावर उलटा चढवलेला, डाव्या हाताची तीन बोटं तीन बटणांवर.

ती दारातच थांबली. पाटावरून रजिताचा आवाज येत होता, कारण हेडफोनची वायर निसटली होती आणि आवाज खोलीभर घुमत होता.

"वेन्नू, कुठे पळतेयस? अगं भिंत आहे! भिंतीत काय शिरतेस? झोपलीस का?"

सत्तय्यांचा शिपाई भिंतीला नाक लावून चालत राहिला.

"वेन्नू! मागून येतायत! वळ ना! दगड आहेस का?"

"वळवतोय बिड्डा," सत्तय्या म्हणाले. "वळत नाही तो."

पलीकडे एकदम सगळं थांबलं. वेन्नेला म्हणाली, तिला वाटलं नेट गेलं. खेळातल्या गोळ्यांचे आवाज तेवढे येत होते. आई वाळवणाचं सूप घेऊन तिच्यामागे येऊन उभी राहिली होती. मग रजिताचा आवाज आला, अगदी बारीक.

"उजव्या हाताने माउस फिरवा, नायना. हळू."

"असा?"

"आणखी थोडा. हां. आता दार दिसतंय? दारातून आत या."

"दिसतंय."

"मी आतच आहे. मला गोळी मारू नका."

"मी कोणालाच मारत नाही," सत्तय्या म्हणाले.

ती दोघं त्या खेळातल्या घरात एकमेकांसमोर उभी राहिली. दोन मिनिटांत बाहेरून कोणीतरी येऊन दोघांनाही उडवलं. सत्तय्यांनी हेडफोन काढला, पाटावर नीट ठेवला, धोतर सावरलं आणि पडवीत जाऊन सूत बांधायला बसले. पण पुढच्या रविवारी पावणेदोनला तेच वेन्नेलाला म्हणाले, मशीन लाव.

खेळातून घरापर्यंत यायला रजिताला आणखी तीन महिने लागले. सत्तय्यांनी बोलावलं नव्हतं ना. बोलावणंही खेळातच आलं. दोघं कुठल्याशा डोंगराआड लपून बसलेली असताना ते म्हणाले, "उगादीला माग रिकामा आहे. जावयाला सुट्टी मिळेल का?" रजिता म्हणाली, "विचारते," आणि तिने त्या नादात समोरच्या शत्रूला पळू दिलं, असं वेन्नेलाचं म्हणणं.

उगादीला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्याला, त्यांनी मलाही बोलावलं. मी पोहोचले तेव्हा अप्पलराजू पडवीत बसला होता, उंच, रापलेला, लाजाळू. येताना त्याने सुक्या सुरमईचं भलंमोठं पार्सल आणलं होतं आणि त्या वासाने अख्खी गल्ली गोळा झाली होती. सत्तय्या सुताच्या गाठी मारत होते आणि अप्पलराजू बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मामा, ही गाठ आम्ही जाळ्याला मारतो. पण आमची अशी." आणि त्याने एक दोरा उचलून मारून दाखवली. सत्तय्यांनी ती गाठ डोळ्यांजवळ नेली, ओढून पाहिली, सोडवून पाहिली. "पुन्हा मार," म्हणाले. त्या दुपारी ती दोघं जेवायला उठता उठेनात. आत रजिता सणाच्या आंबटगोड पच्चडीत कडुलिंबाचा फुलोरा घालता घालता मध्येच थांबून बाहेर कान द्यायची आणि पुन्हा ढवळायला लागायची.

जुन्या गोष्टीबद्दल कोणी कोणाची माफी मागितल्याचं मी तरी ऐकलं नाही. संध्याकाळी माझ्या बसची वेळ झाली तेव्हा सत्तय्या चौकापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "अन्ना, आता तर समोर बसून बोलता येतं. खेळ सोडणार?"

"छे," ते म्हणाले. "बुधवारी ती जाणार. रविवार आहेच."

आता वेन्नेला तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपची बिजागरी सैल झाली होती, ती मी बदलून दिली. तापतो अजूनही तिथेच, डावीकडे. तिने काढलेल्या एका नक्षीचे रुमाल सत्तय्यांनी बांधले आणि ते त्या परदेशातल्या बाईने घेतले, एकही परत आला नाही. रविवारच्या खेळात आता अप्पलराजूही असतो. सत्तय्या अजून कोणावर गोळी झाडत नाहीत, म्हणून मुलींनी त्यांना टोळीचं सामान वाहायचं काम दिलंय. ते सगळ्यांच्या मागून चालतात, वाटेत पडलेली औषधं आणि बंदुकीच्या गोळ्या गोळा करतात, आणि कोणाला काय कमी पडलंय ते विचारत राहतात.